मनगटावरील वाटाड्या

जेथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही तेथे वाट दाखविण्यासाठी मनगटावर कोणते घड्याळ बांधावे, खेळाडूंसाठी केलेले स्पोर्ट्‌स वॉच की नित्याच्या वापरातील स्मार्टवॉच, हा प्रश्न सह्याद्रीत हिंडणाऱ्या मंडळींपुढे हल्ली उभा राहतो. दुकानात त्याचा निकाल किंमत, रूप आणि सोयी पाहून लावला जातो. परंतु हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. घड्याळाच्या हवाली जीव करावा की नाही, या वादात अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडचे आरमार, वेधशाळा आणि पार्लमेंट ही तिन्ही गुंतली होती. तो इतिहास नीट पाहिला तर आजच्या निवडीचे निकष त्यातूनच हाती येतात, असे आम्हांस वाटते.

मूळ अडचण अशी होती. भर समुद्रात आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेस वा दक्षिणेस आहोत, हे ध्रुवताऱ्याच्या किंवा माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून काढता येते. पूर्वपश्चिम अंतर, म्हणजे रेखांश, मात्र तसा मिळत नाही. कारण पृथ्वी अखंड फिरत असते. ती तासाला १५ अंश फिरते. तेव्हा जहाजावर दुपारचे बारा वाजले असता मूळ बंदरात किती वाजले आहेत एवढे कळले की रेखांश कळला. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. पण बंदराची वेळ जहाजावर सांभाळायची कशी? लंबकाचे घड्याळ लाटांच्या हेलकाव्यांत बिघडे, आणि साधी खिशातली घड्याळे दिवसाला कित्येक मिनिटे मागेपुढे होत. १७०७ च्या ऑक्टोबरात सर क्लाउड्स्ली शॉव्हेल यांच्या ताफ्यातील चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि चौदाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्थानाचा अंदाज चुकणे केवढ्याला पडते हे सर्वांना दिसले. १७१४ साली पार्लमेंटने कायदा करून अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

दोन उपाय पुढे आले. एक आकाशाचा: चंद्राचे ठरावीक ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून वेळ काढणे. दुसरा यंत्राचा: कितीही हेलकावे बसले तरी न चुकणारे घड्याळ करणे. यॉर्कशायरमधील जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार या दुसऱ्या उपायाच्या मागे लागला. त्याचे पहिले सागरी घड्याळ १७३५ साली तयार झाले. चौथे १७५९ साली. हे चौथे घड्याळ जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचे होते. १७६१ साली त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशोब केला तेव्हा चूक भरली अवघी पाच सेकंदांची!

तरीही बक्षीस लगेच मिळाले नाही. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन हे चंद्रपद्धतीचे पुरस्कर्ते, आणि रेखांश मंडळातही घड्याळाविषयी संशय होता. हॅरिसनची कथा सांगताना मॅस्केलिनना खलनायक करण्याची पद्धत पडली आहे, पण ती न्याय्य नाही. त्यांच्या बाजूची शंका रास्त होती. एका कारागिराचे एक घड्याळ नीट चालले म्हणून सर्वांच्या हाती तसे घड्याळ येईल काय? आणि पेटीत बंद असलेले घड्याळ वाटेत चुकू लागले तर ते खलाशास कसे कळावे? चंद्र बंद पडत नाही. उलट हॅरिसनच्या बाजूने असे म्हणता येई की चंद्र अमावास्येच्या सुमारास आणि ढगाळ रात्री दिसतच नाही, शिवाय त्याचे गणित किचकट. मॅस्केलिननी १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग काढून हे गणित पुष्कळ सोपे केले. हॅरिसनला १७६५ मध्ये घड्याळाची रचना उघड केल्यावर निम्मे बक्षीस मिळाले, आणि १७७३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले.

या वादाचा खरा निवाडा समुद्रावर झाला. कॅप्टन कुक १७७२ साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा लार्कम केंडलने हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाबरहुकूम केलेली प्रत त्याच्यापाशी होती. जॉन अर्नोल्डने केलेली तीन घड्याळेही त्या सफरीत दिली होती, पण ती समाधानकारक चालली नाहीत. केंडलचे घड्याळ मात्र तीन वर्षे, उष्ण कटिबंधापासून दक्षिणेच्या बर्फापर्यंत, इमानाने चालले. चार घड्याळांपैकी एक खरे उतरले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. ते खरे असल्याचे कुकने ओळखले ते चंद्राचे वेध वारंवार घेऊन, त्यांच्याशी ताळा जमवून. दोन पक्षांपैकी एकाची निवड न करता त्याने एकास दुसऱ्याचा साक्षीदार केले. पुढे घड्याळे स्वस्त झाली तेव्हा घड्याळाचा ताळा दुसऱ्या घड्याळाशी घेण्याचा प्रघात पडला. १८३१ साली निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर बावीस घड्याळे होती. आमच्या मुंबईत १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली, तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे जहाजांसाठी अचूक वेळ राखणे हेच होते.

आता कोणी म्हणेल, की उपग्रहांच्या काळात या जुन्या घड्याळांचे काय? तर उपग्रहांची सारी विद्या हीच मुळी घड्याळांची विद्या आहे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून असा प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ सारखी उच्चारीत असतो. ती किती उशिरा ऐकू आली यावरून उपग्रहाचे अंतर निघते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तेव्हा तेथे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकही वाट चुकविण्यास पुरे. आपल्या मनगटावरचे यंत्र मात्र साध्या घड्याळाचे असल्याने त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. हाही एक साक्षीदारच. भारताच्या ‘नाविक’ योजनेचे सात उपग्रह २०१६ पर्यंत वर गेले, पण त्यांतील पहिल्या उपग्रहावरची अणुघड्याळे बंद पडली, आणि तो स्थान सांगण्याच्या कामातून गेला. २०२३ साली स्वदेशी अणुघड्याळ घेऊन त्या मालिकेचा नवा उपग्रह गेला. अर्नोल्डच्या घड्याळांची कथा आकाशातही चुकली नाही!

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. उपग्रहांकडून स्थान मिळण्यास मोबाइलची रेंज लागत नाही. यंत्र केवळ ऐकत असते. रेंज लागते ती बहुधा नकाशासाठी. म्हणून रेंजवाचून वाट काढण्याचा खरा प्रश्न असा, की नकाशा आणि वीज ही दोन शिदोऱ्या घड्याळ स्वतःच्या पोटात किती बाळगते?

येथे दोन घड्याळांचे कूळ पाहावे. कॅसिओने १९९९ साली जीपीएस असलेले पहिले मनगटी घड्याळ आणले. त्यानंतर धावपटू, गिर्यारोहक यांच्यासाठी झालेली घड्याळे एकेकट्याने चालण्यासाठीच घडली. गार्मिनच्या २०१७ मधील फेनिक्स ५एक्समध्ये संपूर्ण नकाशा घड्याळातच भरलेला होता. स्मार्टवॉच जन्मले ते फोनचा निरोप्या म्हणून. अ‍ॅपलच्या २०१५ मधील पहिल्या घड्याळाला स्वतःचे जीपीएस नव्हते, ते पुढल्या वर्षी आले. पुढे ही सीमारेषा पुसट होत गेली, पण कुळाचा गुण उरला. अ‍ॅपलने २०२२ च्या आपल्या कणखर ‘अल्ट्रा’ घड्याळास नित्याच्या वापरात ३६ तासांचा हिशोब सांगितला. त्याच वर्षीच्या फेनिक्स ७ ला गार्मिनने सतत जीपीएस चालू ठेवूनही ५७ तासांचा सांगितला. हे आकडे निर्मात्यांचे. नकाशा वारंवार उघडला की ते खाली येतात.

सह्याद्रीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पावसाळ्यात ओल्या बोटांचा स्पर्श काच नीट ओळखत नाही, तेथे खरीखुरी बटणे उपयोगी पडतात. आणि सांदण दरीसारख्या अरुंद घळीत आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, कातळावर आपटून आलेली लहर यंत्रास फसविते. दोन वारंवारतांवर ऐकणारे घड्याळ तेथे कमी फसते. याहून महत्त्वाचे असे, की काही घड्याळे नकाशा न दाखविता नुसती ठरलेल्या मार्गाची रेघ दाखवितात. वाट सुटली की ती रेघ अर्ध्या किलोमीटरवर आहे एवढेच कळते. मध्ये ओढा आहे की सरळ तुटलेला कडा, हे कळत नाही. उंचीच्या रेषांचा नकाशा ते सांगू शकतो.

आमचा कौल असा. दोन-तीन दिवस वस्तीपासून दूर राहावयाचे असेल तर संपूर्ण नकाशा पोटात असलेले, बटणांचे स्पोर्ट्‌स वॉच घ्यावे. एका दिवसाच्या ओळखीच्या वाटेसाठी, सोबत माणसे असता, हाती असलेले स्मार्टवॉच पुरेसे आहे. मात्र नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. आणि कोणतेही घेतले तरी त्याची हॅरिसनसारखी परीक्षा घ्यावी. फोन घरी ठेवून गावाबाहेरच्या टेकडीवर दिवसभर हिंडावे, नकाशा उघडतो का आणि संध्याकाळी वीज किती उरते ते पाहावे.

शेवटी दुसरा साक्षीदार. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मधली, म्हणजे मॅस्केलिनच्या पंचांगाच्या वर्षाची. त्या विभागाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र यांना वीज लागत नाही, आणि पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला कोणत्या वाटेवर यंदा दरड आली तेही ठाऊक असते. घड्याळ आणि नकाशा यांचे जमेनासे झाले तर पुढे न जाता थांबावे, आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत माघारी यावे.