ए-३८०: जोडणी बरोबर, तार आखूड

१/ १४ जून २००६. युरोपातील ‘ईएडीएस’ या बलाढ्य विमान उद्योगसमूहाचे समभाग एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळले. जगातील सर्वांत मोठ्या प्रवासी विमानाचे, एअरबस ए-३८० चे, वितरण पुन्हा लांबणार असल्याची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती. या विलंबाचे कारण इंजिन नव्हते, पंखही नव्हते. कारण होते विजेच्या तारा.

२/ एका ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आणि जवळपास ४० हजार कनेक्टर असतात. एवढ्या पसाऱ्याचे दोन आराखडे असतात. पहिला कार्यात्मक: कोणते उपकरण कशाशी जोडायचे, किती वीज वाहायची. दुसरा भौतिक: त्यासाठी कोणती तार, किती लांब, कोणत्या कप्प्यातून आणि कोणत्या वळणाने न्यायची.

३/ या दोहोंचा मेळ एकास एक नसतो. एका दिव्याच्या वाटेत अनेक तारा आणि कनेक्टर येतात. उलट एकाच कनेक्टरमधून अनेक कार्ये धावतात. म्हणूनच उत्पादन जीवनचक्र व्यवस्थापनाच्या, अर्थात ‘पीएलएम’च्या प्रणालीत प्रत्येक कार्य त्याच्या सुट्या भागांशी बांधलेले असते. एक बदलले की दुसऱ्याची फेरतपासणी व्हावी, हा त्यामागील हेतू.

४/ ए-३८० मध्ये हा दुवा निसटला. हॅम्बुर्गचे अभियंते ‘कॅटिया’ या संगणकप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीवर काम करीत होते, तर तुलूजचे पाचव्या. पाचवी ही चौथीची सुधारणा नव्हती. ती नव्याने लिहिलेली प्रणाली होती. त्यामुळे एकीतील त्रिमितीय माहिती दुसरीत जशीच्या तशी उतरत नसे.

५/ त्यात प्रत्येक विमानकंपनीला आसने आणि करमणुकीची साधने आपल्या पसंतीची हवी होती. मागणी बदलली की तारांचा मार्ग बदले. वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या ताराही वापरल्या होत्या. तेवढीच वीज वाहण्यासाठी त्या तांब्याहून जाड लागतात आणि वळणाला अधिक जागा मागतात.

६/ परिणाम तुलूजच्या जोडणीशाळेत उघड झाला. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतील तारांचे जुडगे नेमून दिलेल्या जागी पोहोचेनात. काही आखूड पडले. कोणती तार कोठे जोडायची हे ठाऊक होते. ती तेथवर पोहोचत नव्हती.

७/ जुलै २००६ मध्ये ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोर्जार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुम्बर्ट पायउतार झाले. ऑक्टोबरात आणखी विलंब जाहीर झाला. २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट येईल, असा कंपनीचाच अंदाज होता. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी.

८/ सुरुवातीच्या विमानांतील तारा तंत्रज्ञांनी एकेक करून हाताने बसवल्या. पुढील विमानांसाठी मात्र सर्व केंद्रांना समान साधने देण्यात आली. दोष एखाद्या अभियंत्याच्या गणितात शोधून सापडला नसता. तो दोन नगरांमधल्या, दोन आराखड्यांना जोडणाऱ्या दुव्यात होता आणि त्या दुव्याची जबाबदारी कोणा एकाकडे नव्हती.