गॉल्फमधील स्विंग व हौशी खेळाडू

गॉल्फच्या खेळात काठी मागे व वर नेणे, ती खाली आणून चेंडूवर आघात करणे आणि आघातानंतर तिचा वेग ओसरू देणे, या सलग क्रियेस ‘स्विंग’ म्हणतात. चेंडू जमिनीवर स्थिर असतो, प्रतिस्पर्धी आड येत नाही आणि फटका केव्हा मारावयाचा हे खेळाडूच ठरवितो. त्यामुळे ही क्रिया पाहणाऱ्यास सोपी वाटते. प्रत्यक्षात काठीचे डोके व चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सु. दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो व तेवढ्या वेळात चेंडू सु. २ सेंमी. पुढे सरकतो. आघाताची जाणीव हातांकडून मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच चेंडू काठीपासून सुटलेला असतो. म्हणून फटक्यातील दोष त्याच फटक्यात दुरुस्त करता येत नाही. शिवाय आपण काय केले असे खेळाडूस वाटते आणि त्याने वस्तुतः काय केलेले असते, यांत बहुधा अंतर राहते. व्यावसायिक खेळाडूस हे अंतर कमी करण्यासाठी दिवसाचे अनेक तास व जाणकार मार्गदर्शक मिळतो. उपजीविकेसाठी अन्य व्यवसाय करणाऱ्या हौशी खेळाडूस तेवढी सवड नसते. आपल्या स्विंगविषयी खरी माहिती देणारे साधन शोधण्याचा त्याचा प्रयत्न तीन शतकांहून अधिक काळ चालू आहे.

प्रारंभिक काळ : स्विंगविषयीचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने विवेचन एका हौशी खेळाडूचेच आहे. एडिंबरो येथील टॉमस किंकेड या वैद्यकाच्या अभ्यासकाने आपल्या रोजनिशीत २० जानेवारी १६८७ रोजी गॉल्फच्या फटक्याची चिकित्सा केली. तलवारीच्या खेळात उभे राहतात तसे गुडघे किंचित वाकवून उभे राहावे, पाय, पाठ व बाहू यांचे स्नायू ताठ ठेवावेत आणि काठी खाली आणताना ते सैल पडू देऊ नयेत, असा त्याचा निष्कर्ष होता. चेंडू छातीसमोर पण किंचित डाव्या पायाकडे असावा, हेही त्याने नोंदविले आहे. लक्षात राहावेत म्हणून हे नियम त्याने पद्यातही गुंफले. नवा नियम मनाशी पक्का करावा, मैदानावर तो पडताळावा व पुन्हा लिहून ठेवावा, ही हौशी खेळाडूची पद्धत त्याच्या रोजनिशीत प्रथम दिसते. त्याचा साक्षीदार मात्र त्याची स्वतःची जाणीव हाच होता.

त्या काळी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला चेंडू वापरीत. तो महाग असे आणि ओला झाल्यास किंवा लोखंडी काठीचा घाव बसल्यास लवकर फाटे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला. तो स्वस्त व टिकाऊ असल्याने मध्यमवर्गीयांनाही हा खेळ परवडू लागला आणि लोखंडी काठ्यांचा वापर वाढला. शिकणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु फटक्याचे ज्ञान प्रामुख्याने काठ्या वाहून नेणारी पोरे, काठ्या बनविणारे कारागीर आणि त्यांच्यातूनच पुढे आलेले व्यावसायिक खेळाडू यांच्या अंगवळणी पडलेले होते. ते लिहून ठेवलेले नव्हते. १८५७ मध्ये एच्. बी. फार्नी याने टोपणनावाने प्रसिद्ध केलेली द गॉल्फर्स मॅन्युअल ही या खेळाचे शिक्षण देणारी पहिली पुस्तिका मानली जाते. सर वॉल्टर सिम्पसन याच्या द आर्ट ऑफ गॉल्फ (१८८७) या ग्रंथात स्विंगची छायाचित्रेही होती. शैलीचा अतिविचार खेळाडूस घातक ठरतो, असा इशारा सिम्पसनने दिला होता.

शास्त्रीय विचाराचा आरंभ : एडिंबरो विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट हे स्वतः गॉल्फचे शौकीन होते. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी चेंडूच्या उड्डाणाचे गणित मांडले. चेंडूस मिळालेली फिरकी ही केवळ सदोष फटक्याची खूण असते, असा समज तोपर्यंत रूढ होता. टेट यांनी दाखवून दिले, की चेंडूचा वरचा भाग मागे फिरत असेल, तर हवेमुळे त्याला उचल मिळते व तो अधिक काळ हवेत राहतो. फिरकी मोजण्यासाठी त्यांनी चेंडूस फीत बांधून फटका मारविला आणि फितीस पडलेले पीळ मोजले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट याने १८९६ व १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळविले. १९०० मध्ये बोअर युद्धात तो मारला गेला. चेंडू का उडतो याचे उत्तर पित्याने दिले. तो तसा उडावा यासाठी शरीराने काय करावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

वॉल्टर ट्रॅव्हिस : प्रौढपणी खेळ सुरू करून हौशी खेळाडू कोठवर जाऊ शकतो, याचे ठळक उदाहरण वॉल्टर ट्रॅव्हिस (१८६२–१९२७) याचे आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला ट्रॅव्हिस न्यूयॉर्कमध्ये हार्डवेअरच्या व्यापारात होता. १८९६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने प्रथम गॉल्फची काठी हाती घेतली. लहान वयात अनुकरणाने अंगी येणारी लवचिक शैली त्याला लाभणे शक्य नव्हते. उपलब्ध पुस्तके वाचणे, त्यांतील प्रत्येक सूचना मैदानावर पडताळणे व निरुपयोगी ठरेल ती टाकून देणे, हा मार्ग त्याने अनुसरला. त्याचा फटका लांब पल्ल्याचा नव्हता. चेंडू सरळ राखणे आणि खळग्याजवळील खेळ अचूक करणे यांवर त्याने भर दिला. खेळास आरंभ केल्यापासून चारच वर्षांनी, १९०० मध्ये, त्याने अमेरिकेचे हौशी अजिंक्यपद जिंकले व १९०१ आणि १९०३ मध्ये ते पुन्हा मिळविले. यांपैकी १९०१ चे यश त्याने रबरी धागा गुंडाळलेला नवा हॅस्केल चेंडू वापरून मिळविले. १९०४ मध्ये सँडविच येथील ब्रिटिश हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने लांब फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड ब्लॅकवेलचा पराभव केला. ब्रिटनबाहेरच्या खेळाडूने हे अजिंक्यपद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्याने तेथे वापरलेल्या, मध्यभागी दांडा बसविलेल्या पटरच्या धर्तीवरील काठ्यांवर ब्रिटिश नियामक संस्थेने १९१० मध्ये बंदी घातली. ट्रॅव्हिसने आपला अनुभव प्रॅक्टिकल गॉल्फ (१९०१) या पुस्तकात मांडला आणि १९०८ मध्ये द अमेरिकन गॉल्फर हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या यशात शरीरसामर्थ्यापेक्षा निवडीचा वाटा मोठा होता : आपल्या वयाला व बांध्याला जे साधणार नाही, त्यामागे तो लागला नाही.

छायाचित्र व चलच्चित्र : ट्रॅव्हिसच्या ब्रिटनमधील विजयाच्याच वर्षी जॉर्ज बेल्डम याचा ग्रेट गॉल्फर्स हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेल्डम हा मिडलसेक्सकडून क्रिकेट खेळणारा हौशी छायाचित्रकार होता. फलंदाज व्हिक्टर ट्रंपर याचे पुढे झेपावतानाचे सुप्रसिद्ध छायाचित्र त्यानेच टिपलेले आहे. नामांकित गॉल्फपटूंच्या स्विंगमधील निरनिराळ्या अवस्था या ग्रंथामुळे वाचकांना शेजारीशेजारी ठेवून पाहता आल्या. तरीही स्थिर चित्रांतून क्रम दिसतो, लय दिसत नाही.

लय अनुकरणाने येते, याचा दाखला बॉबी जोन्स (१९०२–७१) याच्या जीवनात मिळतो. अटलांटाजवळील ईस्ट लेक येथे स्कॉटलंडमधील कार्नूस्टीहून आलेला स्ट्यूअर्ट मेडन हा व्यावसायिक होता. बालवयात जोन्स त्याच्यामागे मैदानभर हिंडे व त्याच्या स्विंगची नक्कल करी. १९३० मध्ये एकाच वर्षात ब्रिटन व अमेरिका यांची खुली व हौशी अशी चारही अजिंक्यपदे मिळवून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्पर्धांतून निवृत्त झाला. १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच्या मार्गदर्शनाचे बारा लघुपट काढले. त्यांत हॉलिवुडमधील नटनट्या धडपडणाऱ्या शिकाऊ खेळाडूंच्या भूमिकेत आहेत. मंदगतीने दाखविलेला आदर्श स्विंग सामान्य खेळाडूस पाहावयास मिळाला तो प्रामुख्याने या लघुपटांमुळे. त्याच दशकात अमेरिकन अभियंता हॅरल्ड एजर्टन याने क्षणदीप्तीच्या साहाय्याने गॉल्फपटूंची छायाचित्रे घेतली. एकाच चित्रात काठीच्या अनेक स्थिती आणि आघाताच्या क्षणी चपटा होणारा चेंडू त्यांतून दिसू लागला.

दांड्यातील बदल : जुन्या पुस्तकांतील उपदेश नव्या खेळाडूस नेहमीच का लागू पडत नाही, याचे एक कारण साधनांत आहे. हिकरी लाकडाचा दांडा फटक्यात पीळ घेतो. तो वेळेवर सरळ व्हावा यासाठी हातांची व मनगटांची हालचाल काळजीपूर्वक साधावी लागे. पोलादी दांड्यास अमेरिकेत १९२४ मध्ये व ब्रिटिश नियामक संस्थेकडून १९२९ मध्ये मान्यता मिळाली. तो फारसा पीळ घेत नसल्याने धड व पाय यांच्या फिरण्यास अधिक महत्त्व आले. बेन होगनच्या फाइव्ह लेसन्स (१९५७) या पुस्तकात या नव्या स्विंगची पद्धतशीर मांडणी आहे.

अवयवांच्या हालचालींवर असा भर वाढत असताना त्याविरुद्ध मतही पुढे आले होते. अर्नेस्ट जोन्स या इंग्रज व्यावसायिकाने पहिल्या महायुद्धात १९१६ साली उजवा पाय गुडघ्याखाली गमावला. तरीही आपण उत्तम खेळू शकतो असे त्याला आढळले. यावरून अवयवांचा स्वतंत्र विचार करण्याऐवजी काठीच्या डोक्याच्या झोक्याकडे लक्ष द्यावे, असे मत त्याने मांडले. पुढे न्यूयॉर्कमध्ये हौशी खेळाडूंना शिकविताना रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवीत तो हे तत्त्व समजावीत असे. कोणते अवयव हलतात हे कळल्याने ते हलविता येतातच असे नाही, हा त्याच्या शिकवणुकीचा आशय होता.

आधुनिक संशोधन : गॉल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनच्या आश्रयाखाली शास्त्रज्ञांच्या गटाने केलेले संशोधन अ‍ॅलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी सर्च फॉर द परफेक्ट स्विंग (१९६८) या ग्रंथात मांडले. बाहू व काठी हे एकमेकांस जोडलेले दोन लोलक मानून त्यांनी स्विंगचे विश्लेषण केले. पुढे संगणक व रडार आले. डेन्मार्कमधील ट्रॅकमन कंपनीने २००३ पासून चेंडू व काठी यांच्या गतीचे रडारने मापन करणारे यंत्र उपलब्ध केले.

या मापनाचा उपयोग ‘स्लाइस’ या हौशी खेळाडूच्या नेहमीच्या दोषावरून स्पष्ट होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो, त्यास स्लाइस म्हणतात. चेंडू प्रथम काठीच्या मार्गाने निघतो, असे अनेक पुस्तकांत सांगितलेले असे. वस्तुतः त्याची आरंभीची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी काठीचा दर्शनी पृष्ठभाग जिकडे वळलेला असतो तिकडची असते, आणि मध्यावर बसलेल्या फटक्यात वळण येते ते पृष्ठभागाची दिशा व काठीचा मार्ग यांतील फरकामुळे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू डावीकडे तोंड करून अधिकच आडवी काठी फिरवितो. त्यामुळे हा फरक व त्याबरोबर वळणही वाढते. उपाय म्हणून केलेली दुरुस्ती अशा रीतीने दोष पक्का करते. लोखंडी काठीच्या फटक्यातही असाच गैरसमज आढळतो. चेंडू उंच जावा म्हणून शिकाऊ खेळाडू त्यास खालून उचलू पाहतो व काठी चेंडूमागील जमिनीत रुतते. जमिनीवरील चेंडूस उंची देण्याचे काम काठीच्या पृष्ठभागाचा उतार करतो. काठीने प्रथम चेंडू व मग जमीन गाठावी लागते, म्हणून चांगल्या फटक्यानंतर गवताचा तुकडा चेंडूच्या जागेच्या पुढे निघतो. हे तपासण्यास यंत्र लागत नाही. जमिनीवर आखलेली खडूची रेघही पुरते.

भारतातील हौशी गॉल्फ : ब्रिटिशांबरोबर हा खेळ भारतात लवकर आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला कलकत्त्याचा रॉयल क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गॉल्फ क्लब होय. मुंबईत १८४२ मध्ये असा क्लब निघाला. १९६५ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बिलू सेठी हे हौशी खेळाडू होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले व सांघिक सुवर्णपदकही भारतास लाभले.

मूल्यमापन : रोजनिशी, ग्रंथ, छायाचित्र, चलच्चित्र व रडार या साधनांनी काय घडले याची उत्तरोत्तर अधिक विश्वसनीय साक्ष दिली. वेगवेगळ्या क्षमतेच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे यासाठी असलेली सवलतीच्या गुणांची पद्धत २०२० पासून जगभर एकसूत्री झाली, त्यामुळे हौशी खेळाडूस आपली प्रगतीही मोजता येते. तथापि साक्ष मिळाली म्हणजे सवय बदलली असे होत नाही. एका वेळी एकच दोष निवडणे, त्याचे कारण मोजून निश्चित करणे, दुरुस्त हालचाल प्रथम सावकाश व मग पूर्ण वेगाने अंगवळणी पाडणे आणि खेळताना मात्र लक्ष चेंडू जावयाच्या जागेकडे ठेवणे, हा क्रम अनुभवाने उपयुक्त ठरला आहे. ट्रॅव्हिसने पुस्तके वाचून जे केले त्याहून तो मूलतः वेगळा नाही. आपण अंधारात चाचपडत तर नाही ना, हे तपासून पाहण्याची सोय तेवढी आता सामान्य खेळाडूस लाभली आहे.