चमत्कारसदृश कसरती व त्यांची चिकित्सा

मर्दानी खेळ, कराटे किंवा यात्रांतील कसरतींमधील अचाट कृत्ये दैवी वा गूढ शक्तीने घडतात, या दाव्याची शास्त्रीय तपासणी. महाराष्ट्रात असे प्रयोग गावोगावी उलगडून दाखवण्याचे मोलाचे काम नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने केले.

छातीवरचा दगड घणाने फोडणे हे ठळक उदाहरण. दगड जितका जड, तितका धोका कमी. घणाच्या आघाताने जड शिळेला फारच थोडा वेग मिळतो आणि बरीच ऊर्जा ती फुटण्यात खर्ची पडते. हलका दगड मात्र बरगड्या मोडू शकतो. बघणाऱ्याला नेमके उलटे वाटते. खिळ्यांच्या पाटावर शरीराचे वजन असंख्य टोकांवर विभागले जाते. निखारे उष्णतेचे मंदवाहक असल्याने झपाझप चालणाऱ्याचे पाय सहसा भाजत नाहीत. दांडपट्ट्याने तळहातावरचे लिंबू कापणे ही तर वर्षानुवर्षांची साधना. तिचे श्रेय मंत्राला देणे हा खेळाडूवर अन्याय आहे.

स्पर्शाविना माणूस पाडण्याचा दावा शिष्यांच्या श्रद्धेवरच टिकतो. असा दावा करणारे जपानचे र्युकेन यानागी २००६ मध्ये बाहेरच्या लढवय्यासमोर सपशेल हरले.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी कायदा राज्यभर लागू आहे. कसरत दाखवणे गुन्हा नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कैदेची तरतूद आहे.