ब्रिटिश प्रवासी विमानवाहतूक

ग्रेट ब्रिटनमधील प्रवासी विमान कंपन्यांचा इतिहास पहिल्या महायुद्धानंतर सुरू होतो. २५ ऑगस्ट १९१९ रोजी ‘एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल’ या कंपनीने लंडन-पॅरिस अशी दैनंदिन विमानसेवा सुरू केली. युद्धात वापरलेली विमानेच थोडाफार फेरबदल करून प्रवाशांसाठी योजण्यात आली होती. फ्रेंच कंपन्यांना त्यांच्या सरकारचे अनुदान मिळत असल्याने त्यांचे भाडे कमी होते. ब्रिटिश कंपन्यांना मात्र असा आधार नव्हता. परिणामी फेब्रुवारी १९२१ अखेर सर्व ब्रिटिश सेवा बंद पडल्या आणि सरकारला तात्पुरते अनुदान द्यावे लागले. शासनाचा आश्रय की खुली स्पर्धा, हा या व्यवसायापुढील मूळ प्रश्न येथेच उद्भवला.

हँब्लिंग समितीच्या शिफारशीनुसार चार लहान कंपन्या एकत्र करून ३१ मार्च १९२४ रोजी ‘इंपीरियल एअरवेज’ स्थापन झाली. तिला दहा वर्षांत दहा लाख पौंड अनुदान देण्याचे ठरले. साम्राज्यातील दूरचे प्रदेश लंडनशी जोडणे हे तिचे प्रमुख कार्य होते. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू झाली. सु. ८,००० किमी.चा हा प्रवास सात दिवसांचा होता. प्रवासी लंडनहून बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जेनोआपर्यंत आगगाडीने, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत सागरी विमानाने व अखेरीस जमिनीवरून उडणाऱ्या विमानाने कराचीस पोहोचत. भाडे १३० पौंड होते. त्यामुळे सरकारी अधिकारी व धनिक यांनाच ते परवडे. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्यास अडचणी आल्यामुळे १९३२ मध्ये हा मार्ग इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्याने नेण्यात आला.

या सेवेने कराचीस आणलेली टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची कराची-अहमदाबाद-मुंबई-मद्रास सेवा सुरू झाली. पहिल्या फेरीत मुंबईपर्यंतचे विमान जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः चालविले. इंपीरियलला मोठे अनुदान असताना टाटांची सेवा अनुदानाविना उभी राहिली, हे लक्षणीय होय. १९३३ मध्ये भारत सरकारचाही भाग असलेल्या ‘इंडियन ट्रान्स-कॉन्टिनेंटल एअरवेज’च्या सहकार्याने मुख्य मार्ग कलकत्ता, रंगून व सिंगापूरपर्यंत वाढविण्यात आला.

यूरोपातील मार्गांकडे मात्र इंपीरियलचे दुर्लक्ष झाले. १९३८ मध्ये कॅडमन समितीने कंपनीवर कडक टीका केली. १९३९ च्या कायद्याने इंपीरियल व १९३५ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश एअरवेज लि. यांचे एकत्रीकरण करून ‘ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन’ (बीओएसी) हे सार्वजनिक निगम निर्माण झाले. १९४६ मध्ये यूरोपसाठी ‘ब्रिटिश यूरोपियन एअरवेज’ (बीईए) व दक्षिण अमेरिकेसाठी आणखी एक निगम स्थापण्यात आले. तिसरा निगम १९४९ मध्ये बीओएसीत विलीन झाला.

२ मे १९५२ रोजी बीओएसीच्या कॉमेट विमानाने लंडन-जोहॅनिसबर्ग ही जगातील पहिली प्रवासी जेट सेवा सुरू केली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले कॉमेट वादळात कोसळून ४३ जण मृत्युमुखी पडले. १९५४ मध्ये भूमध्य समुद्रात आणखी दोन कॉमेट विमाने कोसळली. पुनःपुन्हा हवेचा दाब दिल्याने विमानाच्या धातूच्या सांगाड्यास थकवा येतो, असे पाण्याच्या टाकीतील चाचण्यांतून निष्पन्न झाले. या ज्ञानाचा लाभ सर्व देशांतील विमानबांधणीला झाला. ब्रिटनची आघाडी मात्र गेली. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी सुधारलेल्या कॉमेटने अटलांटिकपार पहिली जेट सेवा दिली. तथापि त्याच महिन्यात अमेरिकेचे अधिक मोठे बोइंग ७०७ त्या मार्गावर आले.

बीओएसी व बीईए यांच्या एकत्रीकरणातून १ एप्रिल १९७४ रोजी ‘ब्रिटिश एअरवेज’ अस्तित्वात आली. २१ जानेवारी १९७६ रोजी तिने लंडन-बहरीन मार्गावर स्वनातीत काँकॉर्ड सेवा सुरू केली. ती २००३ मध्ये बंद झाली. फ्रेडी लेकर यांची स्वस्त अटलांटिकपार सेवा १९७७ मध्ये सुरू होऊन १९८२ मध्ये दिवाळखोरीमुळे थांबली; परंतु स्वस्त भाड्याची तिची कल्पना टिकली. १९८४ मध्ये व्हर्जिन अटलांटिक व १९९५ मध्ये ईझीजेट या कंपन्यांनी उड्डाणे सुरू केली. ब्रिटिश एअरवेजचे १९८७ मध्ये खाजगीकरण झाले. साम्राज्याच्या गरजेसाठी शासनाने पोसलेला हा व्यवसाय अशा रीतीने सामान्य प्रवाशाच्या मागणीवर अवलंबून राहू लागला.