कुर्ल्याच्या फियाटचे मूळ रूप

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने आपल्या देशातील जुन्या खाजगी मोटारींना कायद्याच्या दप्तरात प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात सांभाळलेली आणि जिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही अशी गाडी 'विंटेज' समजावी, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असावीत, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असावे आणि नित्याच्या येण्याजाण्यासाठी तिचा उपयोग करू नये, असा त्या नियमांचा आशय आहे. संस्थानिकांच्या पदरी असलेल्या रोल्स-रॉइस गाड्यांना किंवा कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मेबाखला ही कसोटी लावणे तुलनेने सुकर आहे. कारण त्या गाड्या परदेशच्या कारखान्यात एकदाच घडल्या, मोजक्या हातांनी चालवल्या आणि बव्हंशी वाड्याच्या पागेत झाकून ठेवल्या गेल्या. परंतु पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने दोन-तीन पिढ्या वापरलेल्या, लग्नाला, देवदर्शनाला, दवाखान्याला आणि सुट्टीत कोकणात नेलेल्या फियाटला तीच कसोटी लावू गेल्यास प्रश्न बिकट होतो. त्या गाडीचा इतिहास पाहिल्यावाचून तो सुटणारा नाही.

ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात घडली, आणि तो कारखाना वालचंद हिराचंद यांच्या जिद्दीतून उभा राहिला. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या रूपाने भारतीय भांडवलाची जहाजे समुद्रात लोटली, १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीची पायाभरणी करविली. आणि या तिन्ही उद्योगांच्या जोडीला मोटारीचाही कारखाना असलाच पाहिजे, हा विचार त्यांनी कधी सोडला नाही. सर विश्वेश्वरय्या यांनी त्यापूर्वीच देशी मोटारधंद्याची योजना आखून तिचा पुरस्कार चालविला होता. परंतु महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारची मर्जी या उद्योगाकडे वळली नाही, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन होऊनही कुर्ल्याला आग्रा रोडवरील त्या कारखान्यातून प्रत्यक्ष गाड्या बाहेर पडू लागण्यास स्वातंत्र्याचे वर्ष उजाडावे लागले. त्या पहिल्या गाड्या अमेरिकेच्या क्रायस्लर घराण्यातल्या, म्हणजे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या जातीच्या होत्या. आकाराने प्रशस्त, पेट्रोलला उदार, आणि नोकरदार गृहस्थाच्या ऐपतीपलीकडच्या.

फियाट आली ती याच उणिवेच्या पूर्तीसाठी. १९५१ च्या सुमारास इटलीच्या त्या कंपनीशी करार होऊन प्रथम 'फियाट ५००' ही चिमुकली गाडी कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. पण ज्या गाडीने मुंबई राज्यातील कुटुंबांच्या अंगणात खरे ठाण मांडले, ती १९५३ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आलेली, दान्ते जाकोझा या अभियंत्याने रचलेली 'फियाट ११००', अर्थात मिलेचेन्तो. तिच्या गोल पाठीमुळे आणि फुगीर नाकामुळे आपल्याकडे तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. हे नाव तुच्छतेचे मुळीच नव्हते, आणि आजही जुने मिस्त्री ते मायेनेच उच्चारतात. याच १९५३ साली वालचंद निवर्तले, आणि त्याच साली टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की, ज्या कंपन्या नुसती जोडणी न करता सुटे भाग देशातच बनविण्याचा कार्यक्रम हाती घेतील, त्यांनाच येथे थारा मिळावा. तयार मोटारींची आयात त्याआधीच, १९४९ मध्ये बंद झाली होती. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने या धोरणापुढे आपला गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या कारखान्याने अट पत्करली.

त्या अटीमुळे या गाडीच्या मूळ रूपाला एक विलक्षण अस्थिरता आली, आणि माझ्या मते जुन्या फियाटचा विचार करताना हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या काळातल्या गाडीचे बहुतेक भाग पेट्यांतून इटलीहून येत आणि कुर्ल्यात जोडले जात. पुढे एकेक भाग देशात बनू लागला, तसतसा तोच भाग गाडीच्या अंगात नकळत बदलत गेला: विजेची सामग्री आधी मॅग्नेटी मारेल्लीची होती, १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस निघाल्यावर ती तिकडून येऊ लागली, कार्बोरेटर मद्रासचा आला, टायर आले, काचा आल्या, रेक्झिन आले. बाह्यरूपही 'एलिगंट', 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' अशा नावांनी पायरीपायरीने पालटले आणि १९६४ मध्ये चौकोनी धाटणीची '११०० डी' आली. मिलेचेन्तोचे पुढचे दरवाजे मधल्या खांबाला बिजागऱ्या असल्यामुळे उलटे उघडत. ती रचना काही वर्षांनी सोडून दिली गेली. इटलीच्या कराराची मुदत १९७२ च्या सुमारास संपली, तेव्हा गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. सारांश, एका वर्षी खरा असलेला दिवा दुसऱ्या वर्षी खरा नसतो. आणि तूरिनच्या कॅटलॉगातले चित्र समोर ठेवून जो मालक आपली १९६२ ची सुपर सिलेक्ट त्याबरहुकूम सजवितो, तो कुर्ल्यात कधीच न घडलेली एक गाडी निर्माण करतो.

इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, १०८९ घनसेंटिमीटरचे आकारमान, तीन मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँक, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर अॅल्युमिनियमचे हेड ही रचना मूळची १९३७ च्या '५०८ सी' या फियाटची. तीच मिलेचेन्तोत आली, तीच '११०० डी' मध्ये राहिली, आणि कुर्ल्याच्या उत्पादनाची २००० च्या सुमारास अखेर होईपर्यंत पद्मिनीच्या बॉनेटखाली तीच धडधडत होती. साठ वर्षांहून अधिक काळ एकाच मापाचे इंजिन घडत राहिल्याने मिस्त्रीच्या हाती मोठीच सोय आली: मिलेचेन्तोचा ब्लॉक झिजून निकामी झाला, बोअर मारून मारून ओव्हरसाइझ पिस्टनाचीही मर्यादा संपली आणि लायनर घालणेही परवडेना, की भंगारातल्या पद्मिनीचे इंजिन आणून तिथे बसवावे, गाडी चालू होते, मालक संतुष्ट होतो. मात्र ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक नोंदणीच्या पुस्तकातील क्रमांकाशी जुळेनासा होतो, आणि पुढे ती गाडी 'विंटेज' म्हणून नोंदणीसाठी गेली असता मोठ्या फेरबदलाचा आक्षेप तिच्यावर येऊ शकतो.

असे फेरबदल गाडीगाडीत का झाले, हे समजून घेण्यासाठी त्या काळची टंचाई ध्यानी घेतली पाहिजे. परवान्यांच्या त्या युगात देशात उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर अशा तीनच कंपन्यांकडून मोटार मिळे; पैसे भरून नाव नोंदविले तरी ताबा मिळण्यास वर्षानुवर्षे लागत; आणि १९६९ मध्ये तर मोटारींच्या किमतीच सरकारी हुकमाने बांधल्या गेल्या, ज्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अशा परिस्थितीत हाती आलेली गाडी विकून दुसरी घेणे हा व्यवहार्य मार्ग नव्हता. ती दुरुस्त करीत राहणे हाच मार्ग होता. बापाने घेतलेली गाडी मुलाने चालविली, नातवाने तिच्यावर गाडी चालविण्याचे पहिले धडे घेतले, आणि प्रत्येक पिढीचा एक विश्वासू मिस्त्री होता. हा मिस्त्री बहुधा पोरवयात गॅरेजात शिरलेला असे. रॉकेलच्या तसराळ्यात नट-बोल्ट धुण्यापासून त्याची उमेदवारी सुरू होई, उस्तादाने मागण्यापूर्वी नेमक्या मापाचा पाना हातात देता आला की तो शागीर्द म्हणून मान्य होई. किंगपिन सैल झाली आहे की नाही हे तो चाक हलवून सांगे, व्हॉल्व्हची चाल कानाने ओळखे, आणि सुटा भाग मिळेनासा झाला की लेथवाल्याकडून तो बनवून घेई. मुंबईत ऑपेरा हाउसचा पार्टबाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकाने, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, कोल्हापुरात उद्यमनगरातील ओतशाळा व यंत्रशाळा यांच्या आधाराने हा व्यवसाय उभा होता. त्याच्या उस्तादांपैकी फारच थोड्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली आहेत, याचा मला मनापासून खेद वाटतो.

यंत्रापेक्षा पत्र्याचे काम अधिक अवघड. मिलेचेन्तोला निराळी चासी नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पेट्या, मधले खांब आणि छत मिळून जे कवच होते, तेच सगळा भार वाहते. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज आधी या पेट्यांतच शिरतो, कारण आत साचलेल्या पाण्याला निघायला वाट नसते. बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना आतला पत्रा पापुद्र्यासारखा झालेला असतो, आणि जॅक लावताच तो फुटतो. अप्रामाणिक डेंटर अशा जागी वरून एक पट्टी झाळून जाड लांबी भरतो आणि दोन पावसाळ्यांची बेगमी करून देतो. प्रामाणिक डेंटर आधी दरवाजांच्या फटी मोजतो, गाडी वाकू नये म्हणून आतून आडवे टेकू देतो, सडलेला भाग निकोप पत्र्यापर्यंत कापतो आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा घडवून जोडतो. ताणून फुगलेला पत्रा तापवून लाल करावा, लगेच डॉलीवर हलक्या हातोडीने बसवावा आणि ओल्या फडक्याने आकसवावा, ही क्रिया पाहताना त्या माणसाच्या मनगटाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. आता चासी व बॉडीतील फेरबदलाचा नियम अक्षरशः लावायचा म्हटले, तर हा तळ बदललेली गाडी अपात्र ठरेल आणि तो न बदललेली गाडी रस्त्यावर मोडून पडेल. म्हणून अर्थ लावताना आकार, माप आणि घडण कायम राहिली की नाही हे पाहावे, धातूचा कण न् कण जुना असावा असा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याबाबतीत मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण मार्गदर्शक वाटते. १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रांतोप्रांतीच्या पोथ्या ताडून पाहिल्या, प्राचीनतम म्हणून जो पाठ हाती लागला तो वर छापला, आणि उरलेले पाठ फेकून न देता टीपांत नोंदविले. जुनी फियाट पूर्वरूपास आणणाऱ्याने हीच शिस्त पाळावी. प्रथम गाडीचे नोंदणीचे वर्ष व क्रमांक पाहून ती कोणत्या टप्प्याची आहे हे ठरवावे. त्याच वर्षाच्या, हात न लागलेल्या दुसऱ्या गाड्या शोधून दिवे, मुठी, घड्याळे, जाळी ताडून पाहावीत. आणि जे भाग काढावे लागतील ते चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. १९७० च्या टंचाईत एखाद्या मिस्त्रीने पितळेच्या कांबीतून घडविलेली दाराची मूठ मूळची नाही हे खरे, पण तीही त्या घराच्या आणि त्या काळाच्या इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे. ती भंगारात घालणारा मालक मला समजू शकत नाही.

रंगाच्या बाबतीत पुरावा बहुधा गाडीतच सापडतो. डॅशबोर्डाच्या मागे, दाराच्या रबराखाली, डिकीच्या अस्तराआड मूळचा थर शाबूत असतो, आणि पाण्याच्या बारीक कागदाने एका जागी हळूहळू घासत गेले की वरचे थर क्रमाने उलगडतात. जुन्या गॅरेजांतला ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, पातळ पातळ हात देऊन, प्रत्येक हात वाळल्यावर घासून चढवीत. त्याची झळाळी मऊ असते. हल्लीचा दोन द्रव मिसळून मारलेला रंग अधिक टिकतो, अधिक चकाकतो, पण त्या वयाच्या पत्र्यावर तो परका दिसतो.

सुट्या भागांचा आधार या गाड्यांना इतकी वर्षे मिळत राहिला, तो मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो पद्मिनी रात्रंदिवस धावत होत्या, म्हणून पिस्टन, रिंगा, क्लच-प्लेटा, किंगपिना आणि पाटे यांचा धंदा चालत होता, आणि त्या धंद्याच्या सावलीत घरगुती फियाटचेही निभावून जात होते. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. इंजिनाचा माल काही काळ गोदामांतून निघत राहील, आणि तो सरला तरी ओतारी व लेथवाले मिळून नवा करू शकतील. डुक्कर फियाटची समोरची जाळी, उलट्या दाराच्या बिजागऱ्या, मागच्या काचेची वक्रता आणि मडगार्डाची गोलाई मात्र पद्मिनीच्या कोणत्याच भागातून निघत नाही. त्यांसाठी जुनी गाडी समोर ठेवून लाकडी साचा करावा लागतो आणि त्यावर पत्रा हाताने ठोकावा लागतो. ते काम करणारे डेंटर आता वयस्क झाले आहेत, त्यांच्या हाताखाली मुले येत नाहीत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे मापांची वही नाही. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी इंजिनाला हात घालण्यापूर्वी या डेंटरांकडे जावे, साचे त्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावेत, आणि प्रत्येक साच्यावर गाडीचे वर्ष व चासीचा क्रमांक कोरून ठेवावा.