विश्वास, सत्कृत्ये आणि तारण

पापी मनुष्य देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना वाद. नव्या करारात पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाच्या मते तो विश्वासाने नीतिमान ठरला. याकोब मात्र अब्राहामाने केलेल्या आपल्या मुलाच्या, इसहाकाच्या, अर्पणाकडे बोट दाखवून कृतीवाचून विश्वास निर्जीव मानतो. विरोध दिसतो तितका खोल नाही: पौलाचा रोख नियमशास्त्राच्या कर्मांवर, तर याकोबाचा पोकळ कबुलीवर आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तारण केवळ विश्वासाने मिळते असे प्रतिपादून सत्कृत्यांना विश्वासाचे फळ मानले; याकोबाचे पत्र त्याला फारसे रुचले नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ल्यूथरचे मत नाकारले, तरी नीतिमान ठरण्याचा आरंभ देवाच्या कृपेनेच होतो हे तिलाही मान्य होते. १९९९ मध्ये ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी याच प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. काही मतभेद मात्र उरलेच.