नागिणीचं तोंड, नागिणीची शेपटी

कमरेवर एकाच बाजूला आग सुरू होते. दोन-तीन दिवसांत तिथं पाणी भरलेल्या फोडांची माळ उठते आणि घरातलं जुनं माणूस बघताक्षणी सांगतं, नागीण! मालवण तालुक्यातल्या कट्ट्यापासून पार घाटावरच्या गावांपर्यंत पुढचं ठरलेलं असे. मंत्र घालणारा बोलवायचा, दूर्वा नि तांदूळ वाटून लेप द्यायचा. धाक एकच : तोंडाक शेपटी मिळाली की माणूस संपलो.

ती सहसा मिळतच नाही. नागीण उठवणारा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून असतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. ती नस अर्ध्याच अंगाची, म्हणून पट्टा मधल्या रेषेशी थबकतो. फोडही दोन ते चार आठवड्यांत आपसूक सुकतात. मांत्रिकाला अपयश यायची सोयच नव्हती! नाव मात्र लोकांनी नेमकं ठेवलं. तिच्या वैद्यकीय नावातल्या ग्रीक ‘हर्पीस’चं मूळही सरपटण्यातच आहे.

हा विषाणू येतो कुठून, हे कोडं सोडवलं तेही एका गावाकडच्या डॉक्टरानं. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरच्या एडगर होप-सिम्पसन यांनी 16 वर्षं आपल्याच रुग्णांतल्या नागिणीच्या 192 केसेस टिपल्या आणि 1965 साली मांडलं, की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणूच म्हातारपणी पुन्हा जागा होतो.

जपानचे विषाणुशास्त्रज्ञ मिचियाकी ताकाहाशी यांच्या मुलाला 1964 मध्ये याच कांजिण्यांनी बेजार केलं. बापानं ध्यास घेतला आणि 1974 मध्ये कांजिण्यांची लस आली. तोच जिवंत विषाणू कितीतरी जास्त मात्रेत घालून 2006 मध्ये अमेरिकेत नागिणीची लस निघाली, पण संरक्षण जेमतेम निम्मं. 2017 च्या ‘शिंग्रिक्स’ या नव्या लशीत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे. जोडीला चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला, रिठ्यासारखा फेसाळणारा अर्क. पन्नाशीपुढच्यांत तिचं संरक्षण नव्वद टक्क्यांवर गेलं.

ओठावर जर उठवणारा हर्पीस याच कुळातला, पण त्यावर अजून लस नाही. 2012 मध्ये अशा लशीची 8,323 स्त्रियांवरची मोठी चाचणी मुख्य कसोटीत नापास झाली.

शिंग्रिक्स 2023 पासून भारतात मिळते. दोन डोस, आणि महाग. ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण फोड दिसले तर लेपात दिवस घालवू नका, 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात.